विद्यापीठीय संगीतशिक्षण आणि खासगी तालीम : राणीसावरगाव परिसरातील पेटीवादनाच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
संगीत हा विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी महाविद्यालयाबाहेर आणखी एखाद्या गुरूकडे शिकावयास जातो, ही बाब महाराष्ट्रात नवीन नाही. इतिहास अथवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने खासगी शिकवणी लावली तर ती गुणांसाठी लावली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. संगीताच्या बाबतीत हे गृहीतक लागू पडत नाही. वाद्यावर बसणारा हात आणि स्वर ओळखणारा कान हे समोर बसून, एकेकट्याला दिलेल्या तालमीतूनच घडतात. ही तालीम महाविद्यालयात पुरेशी मिळत नसेल तर विद्यार्थ्याला ती बाहेर शोधावी लागते. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला त्यासाठी शहरातल्या शहरात जावे लागते. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावच्या विद्यार्थ्याला मात्र आधी तालुक्याचे व नंतर जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. विद्यापीठाची पदवी दोघांची सारखीच असते, परंतु त्या पदवीमागे प्रत्यक्ष मिळालेली तालीम सारखी नसते. या तफावतीचा विचार पेटीवादनाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :
१) संगीताच्या विद्यापीठीय शिक्षणात वैयक्तिक तालमीचे स्थान स्पष्ट करणे.
२) पेटीवादनासाठी सामूहिक वर्ग अपुरा का पडतो याची तांत्रिक कारणे पाहणे.
३) महाविद्यालयीन शिक्षक व खासगी गुरू यांच्या शिकवणीत निर्माण होणाऱ्या विसंगती व त्यांची सोडवणूक यांचा विचार करणे.
४) ग्रामीण विद्यार्थ्याला ही तालीम उपलब्ध होण्याचे मार्ग सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण हे प्रामुख्याने गुरुगृही राहून घेण्याचे शिक्षण होते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) हे स्वतः मिरज येथे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे अशाच पद्धतीने शिकले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीतशिक्षणाला वर्ग, पाठ्यक्रम व परीक्षा यांची चौकट दिली. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने ही परीक्षापद्धती गावोगावी नेली. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले, स्वरलेखनपद्धती सिद्ध केली आणि क्रमिक पुस्तकांच्या द्वारे शेकडो बंदिशी छापील स्वरूपात उपलब्ध करून दिल्या. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागे व १९२६ साली लखनौ येथे सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयामागे त्यांचीच प्रेरणा होती.

या दोन्ही विष्णूंच्या कार्यामुळे संगीत मोजक्या घराण्यांतून बाहेर पडून सर्वसामान्य मुलामुलींपर्यंत पोहोचले. सुस्थितीतील घरच्या मुलींना संगीत शिकणे प्रतिष्ठेचे झाले, हाही याच चळवळीचा मोठा लाभ होय. पुढे विद्यापीठांनी संगीत हा पदवीचा विषय म्हणून स्वीकारला. मात्र वर्गाची चौकट स्वीकारताना एकास-एक शिकविण्याची जुनी रीत अभ्यासक्रमाबाहेर राहिली. ती नष्ट झाली नाही. खासगी शिकवणीच्या रूपाने महाविद्यालयाच्या समांतर चालू राहिली.

पेटीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. हार्मोनियमचे पेटंट आलेक्सांद्र दबाँ यांनी १८४२ साली पॅरिस येथे घेतले. हे विदेशी वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात रुळले आणि जमिनीवर बसून एका हाताने भाता चालवीत वाजविता येईल असे त्याचे रूप येथेच घडले. नाट्यसंगीत, कीर्तन व भजन यांनी ते मराठी घराघरांत नेले. परंतु त्यातील स्वर स्थिर असल्याने मींड व श्रुती निघत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. १९७१ नंतर ही बंदी अटींसह शिथिल झाली. तीन दशकांच्या या बहिष्कारामुळे स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून पेटीची प्रतिष्ठा वाढण्यास विलंब झाला. अशा काळातही गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५), पी. मधुकर, मराठवाड्यातील जालना परिसरात जन्मलेले पं. आप्पा जळगावकर (१९२२-२००९) आणि मूळचे गोव्याचे पं. तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) यांनी हे वाद्य मैफलीत मानाच्या स्थानी बसविले. या वादकांचा हात मैफलीत, गायकांच्या साथीला बसून आणि ज्येष्ठांच्या सहवासात घडला, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

सामूहिक वर्ग आणि पेटीवादन :
महाविद्यालयांत संगीत हा विषय बहुधा गायनाच्या अंगाने शिकविला जातो. पेटी वर्गात असते, परंतु ती स्वर देण्यासाठी व साथीसाठी असते. पेटी हेच आपले वाद्य मानणाऱ्या विद्यार्थ्याला रागज्ञान, तालज्ञान व संगीताचा इतिहास वर्गात मिळतो. बोटांचे शिक्षण मिळतेच असे नाही.

साधा हिशेब केला तरी मर्यादा ध्यानात येते. वर्गात वीस विद्यार्थी आहेत व प्रात्यक्षिकाची तासिका साठ मिनिटांची आहे असे धरल्यास प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. आठवड्याच्या चार तासिकांत ही बेरीज बारा मिनिटांपलीकडे जात नाही. शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी या बारा मिनिटांत प्रत्येकाची बैठक, मनगट, बोटे आणि भाता तपासणे त्याला शक्य नसते.

स्वरपट्टीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पुरुषांचा आवाज सामान्यतः काळी एक, काळी दोन अशा पट्टीत, तर स्त्रियांचा काळी चार, काळी पाच अशा पट्टीत बसतो. मिश्र वर्गात सोयीसाठी एखादी पट्टी ठरविली जाते आणि पेटीच्या विद्यार्थ्याचा हात त्या एकाच पट्टीत तयार होतो. प्रत्यक्ष साथीला बसल्यावर मात्र गायकाचा षड्ज हाच वादकाचा षड्ज असतो. शुद्ध स्वरांचे सप्तक पांढरी एकपासून वाजविले तर सर्व स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. तेच सप्तक काळी एकपासून वाजविले तर षड्ज, रिषभ, मध्यम, पंचम व धैवत असे पाच स्वर काळ्या पट्ट्यांवर आणि गंधार व निषाद हे दोनच स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. सप्तक तेच राहते, परंतु हाताचा आकार, बोटांचा क्रम आणि उडीचे अंतर सर्वस्वी बदलते. सप्तकात बारा पट्ट्या असल्याने असे बारा हात तयार करावे लागतात. कोणत्या पट्टीत विद्यार्थ्याची अनामिका अडते, कोठे करंगळी उचलली जाते, हे शेजारी बसून पाहणाऱ्यालाच कळते.

भात्याचेही तसेच आहे. भाता धक्क्याने ओढला तर स्वर फुगतो व लगेच बसतो; सावकाश व अखंड ठेवला तर स्वर टिकतो. पेटीत मींड निघत नसली तरी एक बोट उचलण्यापूर्वी दुसरे टेकवून आणि त्याच क्षणी भात्याचा दाब किंचित कमी करून मींडेचा आभास निर्माण करता येतो. ही क्रिया फळ्यावर लिहून शिकविता येत नाही. ती दाखवावी लागते, करवून घ्यावी लागते आणि चुकल्यास तत्क्षणी थांबवावी लागते.

पियानोशिक्षणाशी तुलना :
पट्ट्यांच्याच दुसऱ्या वाद्याचे, पियानोचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. युरोप-अमेरिकेतील संगीत महाविद्यालयांत पियानोच्या विद्यार्थ्याला त्याच्या मुख्य शिक्षकासोबत आठवड्यातून ठरावीक वेळ एकट्याचा पाठ मिळतो. हा पाठ वेळापत्रकात असतो आणि त्यावर श्रेयांक मिळतात. ज्या विद्यापीठांत संगीताचा अभ्यास प्रामुख्याने शास्त्र व इतिहास या अंगांनी होतो, तेथील विद्यार्थी मात्र वादनासाठी बाहेर खासगी शिक्षक शोधताना दिसतात. म्हणजेच हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा वा भारताचा नाही. वादन शिकण्यासाठी वैयक्तिक पाठ अटळ आहे. तो संस्थेने द्यावयाचा की विद्यार्थ्याने विकत घ्यावयाचा, एवढाच फरक ठिकठिकाणी पडतो.

मुंबई व गोवा येथे पियानो शिकणारी मुले बव्हंशी खासगी शिक्षकाकडे शिकतात आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या परीक्षामंडळाच्या आठ श्रेणींच्या परीक्षा देतात. विद्यार्थी कोठे शिकला हे मंडळ पाहत नाही, काय वाजवितो हे पाहते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची रचना याच्याशी मिळतीजुळती आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण अशा सात परीक्षा आणि त्यापुढे अलंकार असा हा क्रम आहे. त्यामुळे एकच विद्यार्थी विद्यापीठाची पदवी, मंडळाची विशारद आणि गुरूची तालीम असे तीन मार्ग एकाच वेळी चालत असतो.

तीन शिक्षक आणि त्यांच्या शिकवणीतील विसंगती :
गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. गोदाकाठच्या या टापूत भजनाची परंपरा खोलवर रुजलेली आहे आणि पेटीशी पहिली ओळख अनेकदा भजनी मंडळातच होते. त्यामुळे या परिसरातील विद्यार्थ्याला एकूण तीन शिक्षक लाभतात असे म्हणता येईल : गावातील भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा, महाविद्यालयातील प्राध्यापक आणि शहरातील खासगी गुरू. बुवा त्याला चाल उचलण्याची व गायकामागे धावण्याची सवय लावतात. प्राध्यापक शास्त्र देतात. गुरू हात घडवितात. तिन्ही देणग्या मोलाच्या आहेत. परंतु त्या परस्परांशी नेहमीच जुळतात असे नाही.

पहिली विसंगती बोटांची. भजनात अनेकदा तर्जनी, मध्यमा व अनामिका यांवरच वादन भागते. काही गुरू अंगठ्याचा वापर निषिद्ध मानतात, तर काही पियानोप्रमाणे अंगठा इतर बोटांखालून सरकविण्यास सांगतात. युरोपातही जुन्या काळी पट्टीवाद्यांवर अंगठ्याचा उपयोग क्वचितच केला जाई. सी. पी. ई. बाख यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या वादनविषयक ग्रंथात अंगठ्याला मध्यवर्ती स्थान दिले. तात्पर्य, यात पवित्र-अपवित्र असे काही नसून त्या त्या काळाच्या वादनाची गरज तेवढी आहे. तथापि, शिकण्याच्या काळात दोन पद्धती एकाच रागात मिसळल्या तर हात कोणत्याच पद्धतीत स्थिर होत नाही.

दुसरी विसंगती स्वरलेखनाची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील टिंब तार सप्तक दर्शविते. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे चिन्ह आहे. भातखंडे पद्धतीत समेसाठी गुणाकाराची खूण वापरतात, तर पलुस्कर पद्धतीत एक हा अंक. एका शिक्षकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत बंदिश उतरविणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब ध्यानी न घेतल्यास संपूर्ण अंतरा चुकीच्या सप्तकात पाठ होण्याची शक्यता असते.

तिसरी विसंगती रागरूपाची व बंदिशीची. अभ्यासक्रमात सत्रागणिक काही राग नेमलेले असतात व ते परीक्षेपूर्वी पूर्ण करावे लागतात. गुरू मात्र एकाच रागावर वर्षभर थांबू शकतो. परीक्षक नेमलेली बंदिश विचारतो. गुरूला स्वतःच्या परंपरेतील बंदिश प्रिय असते. यातून विद्यार्थ्याच्या मनात निष्ठेचा पेच निर्माण होतो. प्राध्यापकांना न सांगता बाहेर शिकणे आणि गुरूला न सांगता वर्गातील पाठ गिरविणे असा चोरटा व्यवहार सुरू होतो, आणि त्यात नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

यावर उपाय साधा आहे. दोन्ही शिक्षकांना परस्परांची कल्पना आरंभीच द्यावी. अभ्यासक्रमाची प्रत गुरूला दाखवावी आणि नेमलेल्या रागांपैकी एखादा तालमीसाठी निवडण्याची विनंती करावी. बोटे व बैठक यांबाबत गुरूचा शब्द, तर स्वरलेखन, बंदिशपाठ व लेखी उत्तरे यांबाबत प्राध्यापकांचा शब्द प्रमाण मानावा. दोघांच्या पाठांसाठी स्वतंत्र वह्या ठेवाव्यात आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर वापरलेल्या चिन्हांचा खुलासा लिहावा.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली जावी. ज्या प्राध्यापकाकडे विद्यार्थी वर्गात शिकतो व जो त्याचे अंतर्गत मूल्यमापन करतो, त्याच प्राध्यापकाकडे शुल्क देऊन शिकवणी लावणे उचित नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील व्यावसायिक नीतिसंहितेत कर्तव्यात बाधा आणू शकणाऱ्या खासगी शिकवणीपासून शिक्षकांनी दूर राहावे, असे अपेक्षित आहे. गुण देणारा हात आणि शुल्क घेणारा हात एकच असला तर गुरुदक्षिणेचा अर्थच पालटतो.

अंतर, खर्च आणि संधी :
परभणी जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नांदेड येथे असून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्यास जोडलेले आहेत. विद्यापीठ जवळ आले, ही या भागाच्या दृष्टीने मोठी उपलब्धी होय. तथापि, रागसंगीताचे जाणते गुरू अद्यापही मोठ्या गावांतच प्रामुख्याने आढळतात.

राणीसावरगावहून आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी तालमीस जाणाऱ्या विद्यार्थ्याचा एक तासाचा पाठ हा प्रत्यक्षात संपूर्ण दिवसाचा असतो. गुरूचे शुल्क, बसभाडे आणि त्या दिवशी शेतात न झालेले काम असा त्याचा तिहेरी खर्च होतो. कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात पावसाने ओढ दिली की पहिली काटछाट या खर्चावर होते. मुलींच्या बाबतीत परतीची शेवटची बस कोणती, हा प्रश्न रागापेक्षा मोठा ठरतो. मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये महिलांना प्रवासभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळू लागली, त्यामुळे खर्चाचा भार काहीसा हलका झाला. परंतु वेळेचा व सुरक्षिततेचा प्रश्न सवलतीने सुटत नाही.

वाद्याचा प्रश्नही याला जोडलेला आहे. रियाजासाठी घरात स्वतःची पेटी असणे अगत्याचे आहे. भजनी मंडळाची पेटी मंदिरात असते व ती सप्ताहाच्या काळात मोकळी नसते. महाविद्यालयातील पेटी सुटीनंतर कुलूपबंद होते. पाठ घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पुढील सहा दिवस वाद्यच मिळाले नाही, तर त्या पाठाचा उपयोग राहत नाही.

या साऱ्याचा परिणाम पदवीनंतर दिसून येतो. साथीला बोलावताना गायक पदवी विचारत नाही. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत वादन ऐकले जाते. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन अध्यापनाकडे वळणाऱ्यालाही पुढे वर्गात हातानेच दाखवावे लागते. ज्याला तालीम परवडली त्याची पदवी कामी येते. ज्याला परवडली नाही त्याच्या हाती प्रमाणपत्र राहते. संगीत सर्वांसाठी खुले करण्याकरिता जी चळवळ उभी राहिली, तिचे फलित पुन्हा ऐपतीवर अवलंबून राहावे, ही गंभीर बाब आहे.

उपलब्ध मार्ग :
या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच आढळते. पुणे विद्यापीठाने १९८७ साली ललित कला केंद्र सुरू केले. ‘गुरुकुल’ या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रात गुरूकडील प्रत्यक्ष तालीम हा विद्यापीठीय शिक्षणाचाच भाग मानण्यात आला. शास्त्र, इतिहास व सौंदर्यविचार केंद्रात आणि गायन-वादनाची तालीम गुरूकडे अशी त्याची कल्पना आहे. अन्यत्र जी तालीम खासगी ठरते, ती येथे अधिकृत झाली.

मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयास असे केंद्र उभारणे शक्य नाही. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली स्थानिक कलावंतांना उच्च शिक्षण संस्थांत निवासी कलावंत म्हणून सामावून घेण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना पुढे आणल्या. त्यांच्या आधारे आठवड्यातून एक दिवस जाणत्या वादकास महाविद्यालयात निमंत्रित करून विद्यार्थ्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्वतंत्र पाठ देता येतील. दहा विद्यार्थ्यांना दहा गावांहून शहरात पाठविण्यापेक्षा एका गुरूने तालुक्याच्या ठिकाणी येणे सर्वांच्याच दृष्टीने सुकर आहे.

आर्थिक साहाय्याचाही मार्ग आहे. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या युवा कलावंत शिष्यवृत्ती योजनेत १८ ते २५ वयोगटातील निवडक कलावंतांना दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये देण्याची तरतूद आहे. प्रवास, पुस्तके, साहित्य व प्रशिक्षण यांसाठी ही रक्कम असते आणि अर्जदाराने किमान पाच वर्षांची तालीम घेतलेली असणे अपेक्षित असते. शेवटची अट महत्त्वाची आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी पेटी हाती घेणारा विद्यार्थी या शिष्यवृत्तीच्या वेळी मागे पडतो. शालेय वयात भजनी मंडळात बसलेला व मंडळाच्या परीक्षा देत आलेला विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा पुरावा दाखवू शकतो. म्हणून बुवांकडील पहिल्या पाठांची नोंदही जपून ठेवणे हिताचे आहे.

ध्वनिचित्रसंवादाद्वारे दूरस्थ शिकवणीचा पर्याय कोरोना काळापासून (२०२०) सर्वपरिचित झाला आहे. बंदिश देणे, चूक सांगणे व रियाजाची तपासणी यांसाठी तो उपयुक्त आहे. परंतु आवाज उशिरा पोहोचत असल्याने गुरूसोबत एकत्र वाजविणे किंवा लेहऱ्यावर तबल्याशी ठेका जुळविणे त्यात साधत नाही. महिन्यातून दोन प्रत्यक्ष पाठ व उरलेल्या आठवड्यांत दूरस्थ तपासणी अशी सांगड राणीसावरगावसारख्या ठिकाणी व्यवहार्य ठरू शकते.

निष्कर्ष :
१) वैयक्तिक तालीम हा संगीतशिक्षणाचा आवश्यक भाग आहे. ती खासगी राहिली याचे कारण विद्यापीठीय चौकटीत तिला जागा दिली गेली नाही, हे होय.
२) पेटीवादनात पट्टीबदल, बोटांचा क्रम व भात्याचे नियंत्रण या तीन बाबी सामूहिक वर्गात साध्य होणे कठीण आहे.
३) महाविद्यालयीन शिक्षक व गुरू यांच्यातील विसंगती परस्परांना विश्वासात घेतल्यास व प्रत्येकाचे क्षेत्र निश्चित केल्यास सुटू शकतात.
४) मूल्यमापन करणाऱ्या शिक्षकाकडे सशुल्क शिकवणी घेणे टाळावे.
५) स्थानिक व परिसरातील वादकांना महाविद्यालयात निमंत्रित करून वैयक्तिक पाठांना श्रेयांक दिल्यास ग्रामीण विद्यार्थ्याचा, विशेषतः विद्यार्थिनींचा, प्रवासाचा अडसर दूर होईल.
६) महाविद्यालयाने सुटीच्या काळात पेट्या नोंद करून विद्यार्थ्यांना घरी नेण्यास द्याव्यात. यासाठी नवीन निधीची आवश्यकता नाही. कपाटाची किल्ली व एक नोंदवही एवढेच पुरेसे आहे.